किडनीतला तुरा

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते आणि आधी कधी शिकवलंही नव्हतं. सावेडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते कित्येक वर्षं टेक्निशियन होते. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवायचे, हे त्यांचं काम. हे करता करता ते सतत कुणाला ना कुणाला काहीतरी समजावून सांगत असत. समोर माणूस नसेल तर मेणाच्या वडीला सांगत. म्हणून मास्तर.

मी तिथे लागले तेव्हा माझा बी.एस्सी.चा निकाल लागून महिना झाला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सर्टिफिकेटांची फाईल मी छातीशी धरून उभी होते. मास्तरांनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी. मग गाव सांग."

मी प्यायले आणि नाव सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "नावाचं काय करायचंय? कुठलं पाणी पिऊन मोठी झालीस ते सांग."

"पाथर्डीकडचं."

"बोअरचं की टँकरचं?"

"दोन्ही."

"जड पाणी," असं म्हणत त्यांनी मान हलवली. जणू मी एखादा आजार सांगितला होता. "चल पाथर्डी, आत ये."

तेव्हापासून मी पाथर्डी झाले. सॅम्पल गोळा करणारा मोटारसायकलवाला पोऱ्या होता, तो सुपा. रिसेप्शनवरच्या ताई राहाता. मॅडम तेवढ्या मॅडम. त्या नगरच्या नळाच्या पाण्यावर वाढलेल्या, आणि "मालकिणीला नळ म्हणून कशी हाक मारू?" अशी मास्तरांची अडचण होती.

उंचीला बेताचे, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, त्यावर एप्रन, एप्रनच्या खिशात मेणाचा चुरा आणि एक मऊ कुंचला. जवळून गेले की मेणबत्ती नुकतीच विझल्यासारखा वास यायचा. नमस्कार, राम राम असलं काही त्यांच्या तोंडात नव्हतं. भेटल्या भेटल्या विचारायचे, "आज कोणता?" हा प्रश्न लघवीच्या रंगाचा असायचा. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पट्टी ठरवली होती. साधं पाणी, लिंबू सरबत, उसाचा रस आणि काकवी. सरबतापर्यंत ठीक, रस दिसला की तांब्या उचला, काकवी दिसली की डॉक्टर गाठा. सुपा रोज सकाळी हेल्मेट काढता काढता दारातूनच ओरडायचा, "सरबत, मास्तर!" आणि रिसेप्शनवर बसलेले पेशंट दचकून एकमेकांकडे बघायचे.

एकदा लॅबमधल्या कुणाच्या तरी लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. दारात नवरदेवाचे वडील फेटा बांधून, हात जोडून उभे. मास्तरांनी विचारलं, "आज कोणता?" त्यांना वाटलं फेट्याचं विचारतात. "केशरी," ते ऐटीत म्हणाले. मास्तरांनी त्यांना दंडाला धरलं आणि थेट पाण्याच्या जारकडे नेलं. व्याही मंडळी बघत राहिली, आणि तो बिचारा माणूस स्वतःच्या मुलाच्या लग्नात तीन पेले पाणी प्यायला.

पण काप काढायला बसले की हाच माणूस बदलायचा. पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. किडनीचा तुकडा जेमतेम शेवईच्या काडीएवढा असतो. तो मेणाच्या वडीत बसवलेला. मशीनचं चाक फिरवलं की वडी पात्यावरून खाली यायची आणि कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ काप एकामागे एक जोडलेले निघायचे. त्यांची फीत व्हायची. मास्तर श्वास रोखून ती फीत कुंचल्यावर झेलायचे आणि कोमट पाण्यावर सोडायचे. ती पाण्यावर पसरली की मग श्वास सोडायचे. मी पहिल्याच आठवड्यात एका फितीवर शिंकले. एका सरावाच्या वडीची सगळी मेहनत एप्रनवर उडाली. मास्तर ओरडले नाहीत. म्हणाले, "पाथर्डी, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. पेशंटचा तुकडा एकच असतो. तो दुसऱ्यांदा द्यायला कुणी येत नाही."

त्यांच्याकडे एक जुनं पोलादी पातंही होतं. आता वापरून फेकायची पाती आली आहेत, पण हे जुनं पातं ते दर शनिवारी दगडावर लावून ठेवायचे. एका शनिवारी ते काम त्यांनी मला दिलं. मी धार लावली आणि सवयीनं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. मास्तर समोरच उभे होते.

"घरात कोयता आहे," ते म्हणाले.

माझे आई-वडील दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, हे मी लॅबमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर "शेती आहे" एवढंच सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्या शेतीत पावसाळ्यापुरतं पिकायचं.

"तोडणीला जातात," मी शेवटी म्हणाले.

"मग मान खाली कशाला घालतेस? तुझा बाप ऊस तोडतो, मी किडनी तोडतो. त्याची मोळी कारखान्याला जाते, माझी मॅडमकडे. आणि घाव चुकला की शिव्या दोघांनाही." एवढं बोलून ते हसले आणि मशीनकडे वळले. मला मात्र त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत हलकं हलकं वाटत होतं.

पेशींच्या म्हातारपणाचा धडा त्यांनी मला पहिल्या पावसाळ्यात दिला. आमच्याकडे दोन जणांना एकाच वेळी बघता येईल असा एक मायक्रोस्कोप होता. एका डोळ्याला मास्तर, दुसऱ्याला मी.

"ही नळ्यांची रांग दिसते? रक्त गाळून झालं की कामाचं पाणी आणि मीठ या नळ्या परत आत ओढून घेतात. नळीच्या भिंतीला या पेशी आहेत. मार बसला की शेजारची पेशी एकाची दोन होते आणि भगदाड बुजवते. पण पुन्हा पुन्हा मार बसला की काही पेशी अर्ध्यातच थांबतात. कायमच्या. त्यांना म्हातारपण येतं. पेशंट चाळिशीचा असला तरी."

"मग मरतात?"

"तीच तर गंमत. मरत नाहीत. मेली असती तर साफसफाईवाल्या पेशींनी उचलून नेली असती. ही बसून राहते. काम करत नाही, वाढत नाही, आणि बसल्या जागी शेजाऱ्यांचे कान भरते. असली-तसली रसायनं सोडते. त्यानं सूज येते, शेजारच्या पेशी अकाली म्हाताऱ्या होतात, आणि मोकळ्या जागेत चिवट धागे भरतात. किडनी आखडत जाते."

हे सगळं त्यांनी कुठून वाचलं होतं? मॅडम रद्दीत टाकायच्या त्या जाड मासिकांतून. डिक्शनरी शेजारी ठेवून ते महिनाभर एकच लेख वाचायचे. अशा पेशी रंगवून निळ्या दाखवता येतात, असं त्यांनी त्यात वाचलं होतं. आमच्या लॅबमध्ये त्याची सोय नव्हती. "एकदा तो निळा रंग बघायचा आहे," असं ते काश्मीर बघायचंय म्हणावं तसं म्हणायचे.

अशा पेशीला त्यांनी नाव दिलं होतं, कट्ट्यावरची पेशी. सावेडीत त्यांच्या घराजवळच्या बागेत रिटायर झालेल्या लोकांचा एक कट्टा होता. मास्तर सकाळी फिरायला जायचे तेव्हा तिथे टेकायचे. एके दिवशी त्यांनी उत्साहानं त्या मंडळींनाच हे समजावून सांगितलं. कामाला जात नाही, मरतही नाही, बसल्या जागी शेजाऱ्यांचे कान भरते. मग एक रिटायर हेडमास्तर उठले आणि म्हणाले, "उद्यापासून तुम्ही त्या पलीकडच्या बाकावर बसा."

मास्तर खरंच दोन महिने पलीकडच्या बाकावर एकटे बसले. कुणाबद्दल राग नाही. मला सांगायचे, "चूक माझीच. मी अर्धंच सांगितलं. जखम झाली की हीच पेशी पहिली हाका मारते, लोक गोळा करते, जखम भरून आणते. तेव्हा ती हवीच असते. काम झालं की तिनं निघायला हवं, एवढंच. हे सांगायच्या आधीच हेडमास्तर उठले."

त्यांच्या पाण्याच्या वेडानं एकदा मात्र घोळ झाला. एक बाई तपासणीला आल्या होत्या, किडनीच्याच पेशंट. त्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, कारण अंगाला सूज होती. मास्तरांनी काही न विचारता पेला पुढे केला, आणि नाही म्हणायचा संकोच वाटून त्या बाई दोन पेले प्यायल्या. त्यांच्या मुलानं मॅडमकडे तक्रार केली. मॅडमनी सगळ्यांसमोर मास्तरांना झापलं. "ज्याच्या किडनीला पाणी बाहेर टाकताच येत नाही त्याला पाणी पाजता? इतक्या वर्षांत एवढं कळलं नाही?"

मास्तर त्या बाईंपुढे हात जोडून उभे राहिले आणि "चूक झाली," म्हणाले. संध्याकाळी माठावर त्यांच्या अक्षरात पुठ्ठा लागला, "पाणी प्या. डॉक्टरांनी मोजून दिलं असेल तर मोजूनच प्या." तेव्हापासून पेला द्यायच्या आधी ते दर माणसाला विचारायचे, "मोजून आहे का?"

आता मला माझी चूक सांगायला हवी.

नोकरी लागल्यावर घरी काय पाठवायचं, याचा मी फार विचार केला होता. तोडणीच्या दिवसांत तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कंबर आणि खांदे इतके दुखायचे की रात्री कूस बदलताना कण्हायचे. उसाच्या फडाजवळच्या टपरीवर अंगदुखीच्या गोळ्या मिळतात. सगळे तोडणीवाले त्या घेतात. मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायच्या आधी एक, झोपताना एक. मला वाटलं, आता मी शिकलेली आहे, मेडिकलमधली मैत्रीण ओळखीची आहे, तर तात्यांनी टपरीवरच्या गोळ्या का घ्याव्यात? मी चांगल्या कंपनीच्या जास्त पॉवरच्या गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवू लागले. तात्या फोनवर म्हणायचे, "एकच घेतली की अंग कसं कापसावानी व्हतं, माय." आणि शिकल्याचं सार्थक झालं असं मला वाटायचं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी तात्या मला भेटायला नगरला आले. डब्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा. लॅबच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मास्तर पेला घेऊन बाहेर आले.

"मोजून आहे का?"

"काय मोजून?"

"काही नाही. प्या. पाथर्डीचे वडील ना?"

"पाथर्डीचा न्हाई, तिकडून अजून लई आत हाय गाव," तात्या म्हणाले आणि प्यायले.

"आज कोणता?"

मी मधे पडून पट्टी समजावली, तेव्हा तात्या लाजून हसले. मग विचार करून म्हणाले, "हिकडं सरबत. तोडनीत मातर काकवी. सगळ्यायचीच काकवी. त्याला काय व्हतं?"

मास्तर पायरीवरच त्यांच्या शेजारी बसले. "फडात पाणी किती पिता?"

"फडात पानी कोन पितंय? गाडी भरून हुईस्तोवर न्हाई. पानी पिलं की मानूस ढिलं पडतं. आन पुन्यांदा उठा, तांब्या शोधा, तवर टोळी म्होरं जाती."

"आणि अंग दुखत नाही?"

तात्यांचा चेहरा फुलला. खिशातून पाकीट काढून त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवलं. "पोरगी धाडती. गिरॅजुएट हाय. टपरीवरची आता शिवत सुदिक न्हाई मी."

मास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली होते. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करून तिला इजा करतात, हे आमच्या पुस्तकात एका ओळीत होतं. त्या ओळीखाली मी पेन्सिलनं रेघसुद्धा मारली होती. पण ती ओळ आणि माझे तात्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या.

तात्यांसमोर मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. "आलाच आहात तर रक्त देऊन जा," एवढंच तात्यांना म्हणाले.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, किडनीनं रक्तातून गाळून टाकायचं ते, वाढलेलं होतं. फार नाही, पण वाढलेलं. मॅडमनी तात्यांना आठवडाभर माझ्या खोलीवर थांबवून पुन्हा तपासलं, तरी तेच. त्यांनी किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "जे गेलं ते परत येईलच असं नाही. पण पुढचं वाचवता येईल. या गोळ्या आजपासून बंद. उन्हात पाणी प्यायचं, सारखं. अगदीच नाही झालं तर तापाची साधी गोळी, तीही कधीतरी."

मी आत मेणाच्या भांड्यापाशी जाऊन रडले. मास्तर मागून आले.

"पाथर्डी, इजा झालेली पेशी आधी काय करते?"

मी एप्रनच्या बाहीनं नाक पुसलं.

"वाढायची थांबते. ते शहाणपणाचंच आहे. खराब झालेली असून वाढत राहिली तर गाठ व्हायची. तू पण आता थांब. गोळ्या पाठवणं बंद. पण थांबून तिथंच बसू नकोस. नुसती बसून राहिलेली पेशी काय करते ते तुला शिकवलंय. डोळे पूस, ती पुढची वडी घे कापायला."

तात्या मात्र ऐकेनात. "गोळी सोडली तर कोयता चालायचा न्हाई. आन तपासनीत आकडा हाय म्हंतेत, मला तर कायच व्हत न्हाई." त्यांचं चुकत नव्हतं. किडनी दुखत नाही. दुखतात ते खांदे.

मास्तरांनी मॅडमची परवानगी घेतली आणि तात्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. शिकवायला ठेवलेल्या दोन जुन्या काचा होत्या, एक चांगल्या किडनीची, एक बिघडलेल्या. पहिली लावली. तात्यांनी डोळा टेकवला.

"काय दिसतं?" मास्तरांनी विचारलं.

"मोळी हाय की."

"मोळी?"

"मोळीचं तोंड. समदी कांडी कशी चिकटून बसल्यात. घट बांधलीय. कुनी बांधली?"

मी दुसऱ्या भिंगातून डोकावले. दोन वर्षं मी त्या नळ्यांच्या गोल गोल तोंडांकडे बघत होते, आणि लहानपणापासून मोळ्या बघत होते. पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

मास्तरांनी काच बदलली. तात्यांनी लगेच तोंड वाकडं केलं. "ही कुनाची? सैल झालीय. कांडी वाळली, मधी नुसता वाळला पाला, पाचट भरलंय. ही गाडीत घालत न्हाईत." मग भिंगावरून डोळा न काढता हळूच म्हणाले, "मास्तर, ह्यात तुरा आला व्हता का?"

"तुरा म्हणजे?"

"उसाला तुरा येतो न्हाई का, पांढरा. तुरा आला की ऊस वाढायचा थांबतो. मरत न्हाई. नुसता हुबा. दिसतो झ्याक, पन आतून पोकळ व्हत जातो."

मास्तर स्टुलावरून उठलेच. "आणि शेजारच्या उसाला काय करतो?"

"तो काय करनार? तुरा काय रोग हाय व्हय लागायला?" तात्या विचार करून म्हणाले, "पर वारं सुटलं की पोकळ ऊस आदी पडतो. पडताना शेजारचं दोन-चार संगं घेऊन पडतो."

"कट्टा रद्द!" मास्तर ओरडले. मॅडम आतून धावत आल्या. "मॅडम, इतकी वर्षं मी कट्टा कट्टा करत बसलो. हा तुरा आहे, तुरा! या माणसाला दोन मिनिटांत कळलं."

"अकाली तुरा कशानं येतो?" मॅडमनी तात्यांना विचारलं. त्याही आता खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"पान्याचा तान पडला की. एकदा तान, मंग पानी, पुन्यांदा तान." तात्या बोलता बोलता थांबले. त्यांनी खिशात हात घातला, गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मायक्रोस्कोपच्या शेजारी ठेवलं. "ऱ्हाऊ द्या हितंच. पान्याचं मातर मी एकटा काय करनार? टोळी थांबत न्हाई."

ते पाकीट मास्तरांनी उचलून माझ्या एप्रनच्या खिशात घातलं. ते अजून माझ्याकडे आहे.

टोळी थांबत नाही, हे वाक्य मास्तरांच्या डोक्यात बसलं. जानेवारीतल्या एका रविवारी ते मला घेऊन राहात्याकडे तात्यांच्या टोळीच्या फडावर गेले. सुपाच्या मोटारसायकलला पाण्याचा जार बांधलेला. एका हातात पुठ्ठा, त्यावर सरबतापासून काकवीपर्यंतचे चारही रंग स्वतः रंगवलेले. तोडणीवाले काम थांबवून बघायला लागले.

"ह्यो कोन? औशीदवाला?"

"पोरीचा मास्तर हाय," तात्या अभिमानानं म्हणाले.

मास्तरांनी आधी कोयता मागितला. एक ऊस तोडायला त्यांना चार घाव लागले. मोळी बांधली, ती डोक्यावर घ्यायच्या आधीच सुटली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आवं मास्तर, किडनीचा काप असाच काढता काय?" मास्तरांनाही हसू आवरेना. मग उसाच्या सरीत उभं राहून त्यांनी तुऱ्याची गोष्ट सांगितली, तात्यांकडूनच उसनी घेतलेली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येक पाच मोळ्यांमागे एक पेला, असा त्यांचा हिशेब. पुरुषांनी पेले घेतले. बायका मात्र जारकडे फिरकल्या नाहीत.

"तुम्हाला कळलं नाही का?" मास्तर माझ्या आईला म्हणाले.

आईनं विळ्यानं पाचट बाजूला केलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "कळलं की. पानी प्यावं, मंग जावं कुठं, मास्तर? हिकडं गडी, तिकडं रस्ता. ऊस तुटत गेला की आडोसा पन तुटत जातो."

मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. नगरमधल्या शेकडो माणसांना त्यांनी पाणी पाजलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. खरं सांगायचं तर मी याच फडात वाढले होते, तरी मलाही तो पडला नव्हता. ऊन व्हायच्या आत सगळं उरकायचं आणि दिवसभर घोटभर पाण्यावर राहायचं, हे आईनं मला न बोलता शिकवलं होतं.

"चूक झाली," मास्तर म्हणाले. त्या सूज असलेल्या बाईंपुढे म्हणाले होते अगदी तसंच.

मग दुपारभर ते आणि तात्या खपत होते. चार बांबू, खताची रिकामी पोती, सुतळी. उचलून पुढे नेता येईल असा आडोसा. टोळी जशी पुढे सरकेल तसा तो सरीनं पुढे न्यायचा, आणि पाण्याचा जार त्याच्याबरोबर. पहिल्यांदा मुकादम कुरकुरला. म्हातारी एक बाई होती, ती त्याला म्हणाली, "तुजी माय पन फडातच हुती ना रं?" मग तो गप्प झाला. संध्याकाळी निघताना आईनं स्वतःहून जारचा नळ सोडला, पेला भरला आणि आधी मास्तरांना दिला. "मोजून न्हाई ना तुमाला?" ती म्हणाली.

पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, तेव्हा तात्या आणि आई परत तपासणीला आले. रक्त मी काढलं. मशीनमधून आकडा आला तेव्हा मी तिकडे पाहिलं नाही. मास्तरांचा नियम होता की रिपोर्ट आपण कधी सांगायचा नाही, डॉक्टर सांगतील. त्यांनी तो कागद उचलला आणि मॅडमच्या खोलीत गेले. दार लोटलेलं. मी बाहेर बाकावर तात्यांच्या शेजारी. आई माठावरचा पुठ्ठा अक्षर लावून लावून वाचत होती.

मास्तर बाहेर आले. सरळ माठाकडे गेले, पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी. मग वाच."

मी एका दमात प्यायले आणि मॅडमनी पाहून दिलेला कागद त्यांच्या हातातून घेतला. तात्यांचा आकडा आधीपेक्षा जराही वाढला नव्हता, आणि आईचा तर अगदी ठीक होता. मी तात्यांकडे पाहिलं. "तुरा थांबला?" त्यांनी विचारलं. "थांबलाय," मी म्हणाले, "पण पाणी थांबवायचं नाही."

त्या पावसाळ्यात मास्तर रिटायर झाले. मॅडम त्यांना सोडायला तयार नव्हत्या. "घरी बसून काय करणार?" त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "पाथर्डीचा काप आता माझ्यापेक्षा पातळ निघतो. काम झालं की निघायचं, हे मी सगळ्या गावाला सांगत फिरलो आणि स्वतः इथंच बसून राहू?" जाताना ते जुनं पोलादी पातं त्यांनी मला दिलं. त्याची धार अजून मी दर शनिवारी अंगठ्याच्या नखावरच बघते. आता लपवून नाही.

कट्ट्यानं त्यांना परत घेतलं आहे. हेडमास्तरांनीच जागा करून दिली म्हणे, एका अटीवर, लघवीचा विषय सकाळच्या चहानंतरच काढायचा. निळा रंग त्यांनी अजून पाहिलेला नाही. म्हाताऱ्या पेशी वेचून काढायच्या औषधांचे प्रयोग अजून चालू आहेत, माणसांपर्यंत पुरतं यायचं आहे, असं ते मला अधूनमधून फोन करून कळवतात. मॅडमची रद्दी आता मी त्यांना नेऊन देते.

यंदाही तात्या आणि आई तोडणीला गेले आहेत. नको म्हटलं तरी गेले. आडोसा आता फक्त त्यांच्याच टोळीत नाही, शेजारच्या दोन टोळ्यांतही आहे. रोज सकाळी लॅबला निघताना मी तात्यांना फोन लावते. त्यांनी एकच शब्द सांगायचा, असं आमचं ठरलेलं. पण गेले काही दिवस त्या वेळेला त्यांचा फोन लागतच नाही, सारखा बिझी. परवा चिडून आईला फोन केला, म्हटलं, तात्या सकाळी सकाळी बोलतात तरी कुणाशी?

"त्यो तुजा मास्तर," आई म्हणाली. मागे कोयत्यांचे आवाज येत होते आणि त्यातून तात्या मोठ्यानं हसत ओरडत होते, "आमचं सरबत, मास्तर! तुमचं सांगा की आदी!"